'गॅसरोधक वाहिनी' : कोण कोणाला अडवतं?

अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलंय, 'गॅस इन्सुलेटेड लाइन'साठी (गॅस भरलेल्या पाइपातून वीज नेणारी लाइन) 'गॅसरोधक वाहिनी' चालेल का? तिचं वाक्य असं : "जिनिव्हात 2001 साली पॅलेक्स्पो या प्रदर्शन केंद्राजवळची टॉवर लाइन काढून सुमारे 420 मीटरची गॅसरोधक वाहिनी बोगद्यातून नेली."

नाही चालणार. मराठीत 'रोधक'च्या आधी जे येतं, तेच अडवलं जातं. जलरोधक कापड पाणी अडवतं, गतिरोधक गती अडवतो (निदान तशी अपेक्षा असते). त्या हिशेबाने गॅसरोधक म्हणजे गॅस जाऊ न देणारं काहीतरी. इथे उलटं आहे : अडवणारा गॅस, अडवली जाते वीज. 'गॅसरोधित' करावं, तर गॅसने वाहिनीच अडवली असा अर्थ निघतो. म्हणजे लाइट गेले!

त्यात 'वाहिनी'चा घोळ. 'गॅसवाहिनी फुटली' ही बातमी वाचली की आपल्या डोळ्यांपुढे खोदलेला रस्ता आणि घरगुती गॅसचा पाइप येतो. इथला गॅस मात्र कुठेही वाहत नाही. साधारण अर्ध्या मीटर व्यासाचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, त्याच्या मधोमध अ‍ॅल्युमिनियमचीच दुसरी नळी, तिला अधांतरी धरणारे इपॉक्सीचे आधार. वीज आतल्या नळीतून जाते आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीत दाबाखाली भरलेला गॅस नुसता बसून असतो. म्हणून 'वीज' हा शब्द गाळायचा नाही.

मला आधी 'वायुवेष्टित' सुचलं होतं, जलवेष्टित बेटासारखं. कानाला छानच लागतं. पण मग टॉवरवरची उघडी तारही वायुवेष्टितच की! चिनीमातीच्या चकत्या असतात त्या टॉवरपाशी. दोन टॉवरांच्या मधे तारेला इन्सुलेशन हवेचंच. शिवाय जिनिव्हाच्या पाइपात 80 टक्के नायट्रोजन आहे, म्हणजे आपल्या हवेतलाच मुख्य वायू. उरलेला 20 टक्के सल्फर हेक्साफ्लोराइड. जर्मनीतल्या श्लुखझेच्या 1975 च्या वाहिनीत तो निव्वळ भरला होता. वीज रोखण्यात तो हवेपेक्षा अडीच-तीन पट सरस, पण हरितगृह वायू म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या 23 हजार पटींच्या घरातला. मिश्रण आलं त्याचं हे एक मोठं कारण.

तेव्हा वेगळेपण वेढण्यात नाही, बंद पाइपात भरून ठेवण्यात आहे. ते 'पूरित'मध्ये येतं : वायुपूरित वीजवाहिनी. इन्सुलेशनचा अर्थ त्यात नाही, हे मान्य. 'वायुविसंवाहित'मध्ये (विसंवाहक म्हणजे इन्सुलेटर) तो आहे आणि व्याकरणाने तो शब्द निर्दोषही आहे, पण एकदा मोठ्याने म्हणून बघा.

'टॉवर लाइन' मात्र आहे तशीच राहू दे, सगळे तेच म्हणतात. तुझं वाक्य मी असं करीन : "...टॉवर लाइन काढून सुमारे 420 मीटरची वायुपूरित वीजवाहिनी बोगद्यातून नेली. तिच्या पाइपातला दाबाखालचा गॅस इन्सुलेशनचं काम करतो." पुढच्या परिच्छेदापासून सरळ 'जीआयएल' (गॅस इन्सुलेटेड लाइनची आद्याक्षरं) लिही. सबस्टेशनवाले 'जीआयएस' (गॅस इन्सुलेटेड स्विचगिअर) म्हणतातच, त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.