लहान ख्रिस्ती कॉलेजात पत्रकारिता: आधी तिथलं वर्तमानपत्र वाचा

ताई, लेकीला अमेरिकेतल्या एका लहान ख्रिस्ती कॉलेजात पत्रकारितेसाठी स्कॉलरशिप मिळतेय, पण आपण हिंदू, तिथे तिचं निभेल का, असं तुम्ही विचारलंय.

निभण्याचं कॉलेजावर आहे. कॅलिफोर्नियातलं बायोला पदवीच्या विद्यार्थ्यांकडूनही ख्रिस्ती श्रद्धेची अपेक्षा ठेवतं. मिशिगनमधलं कॅल्विन इतर धर्माच्या मुलांनाही घेतं. बऱ्याच ठिकाणी वर्तणुकीच्या नियमांवर सही द्यावी लागते, चॅपलला, म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनासभेला, हजेरी असते. ते कागद लेकीनं स्वतः वाचावेत. तुम्ही नव्हे.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र तिथे कुणाच्या हातात आहे? अमेरिकेच्या घटनेतली भाषण आणि वृत्तपत्र स्वातंत्र्याची पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी कॉलेजला नाही. सरकारी विद्यापीठात नावडती बातमी दाबायला गेलं तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. इथे कॉलेजच मालक. कॅलिफोर्नियानं १९९२ मध्ये लेनर्ड कायदा करून खासगी कॉलेजांनाही लगाम घातला खरा, पण धर्मतत्त्वांच्या आड येईल तिथे धार्मिक संस्थांना सूट ठेवली.

म्हणून मागच्या दोन वर्षांचे अंक चाळा. नुसत्या मिशन ट्रिप (धर्मसेवेसाठीच्या सफरी), बास्केटबॉल आणि नव्या इमारती दिसल्या तर काय ते समजा. फीवाढ, प्राध्यापकांची कपात यांवर लिहिणाऱ्या मुलांच्या नावानिशी बातम्या आहेत का? कॉलेज बघायला जाल तेव्हा ॲडमिशनवाल्यांना सोडा, विद्यार्थी-संपादकाला गाठा आणि विचारा, छापायच्या आधी पानं कोण बघतं? सल्लागार प्राध्यापक बघत असतील तर ठीक. जनसंपर्क कार्यालय बघत असेल, तर ते कॉलेजचं माहितीपत्रक झालं.

अंक दमदार असेल तर मात्र मी लहान कॉलेजच घेईन. मोठ्या ठिकाणी मुलं रांगेत असतात, इथे पहिल्याच वर्षी नाव छापून येतं. माहितीच्या अधिकाराचे कायदे खासगी कॉलेजला सहसा लागू नसतात, त्यामुळे बातमी काढायची सवयही लागते. केंद्राची आर्थिक मदत घेणाऱ्या आणि स्वतःची सुरक्षा यंत्रणा असलेल्या कॉलेजला १९९० च्या क्लेरी कायद्यामुळे गुन्ह्यांची रोजची नोंदवही ठेवावी लागते. शेवटच्या ६० दिवसांच्या नोंदी कामाच्या वेळेत कुणीही जाऊन बघावं. प्रकार, तारीख, वेळ, जागा, पुढे काय झालं, बस. त्या कोरड्या ओळीवरून फोन फिरवायला शिकली की पोरगी वार्ताहर झाली.

नोकरीसाठी पदवीपेक्षा छापून आलेली कात्रणंच बघतात. तेवढं एक, स्कॉलरशिप दरवर्षी टिकवायला किती जीपीए, म्हणजे सरासरी गुण, लागतो, ते लेखी घ्या.