पाच जीबीपीएसची डिस्क, पस्तीसचा वेग

प्रश्न : लग्नाच्या शूटिंगची कामं करतो. एका लग्नाचं फुटेज २०० जीबीच्या आसपास जातं. खोक्यावर ‘५ जीबीपीएस’ (सेकंदाला ५ गिगाबिट) लिहिलेली पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली, पण कॉपी सेकंदाला ३५ एमबीच्या वर सरकत नाही. दुकानदार म्हणतो, १० जीबीपीएसवाली घ्या. घेऊ का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : इतक्यात खिशात हात घालू नका. ३५ हा आकडाच सांगतो, की डिस्क यूएसबी २.० या जुन्या, संथ जोडणीवर चालली आहे. तिथली मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे आठाने भागून (आठ बिटांचा एक बाइट) ६० मेगाबाइट, अर्थात एमबी. प्रत्यक्षात हाती तीस-चाळीसच लागतात.

आधी केबल बघा. तुमच्या डिस्कला रुंद, दोन भागांची पिन असेल, तर त्या खाचेच्या मोठ्या भागात मोबाइलची जुनी मायक्रो यूएसबी पिनही बसते. डिस्क सुरू होते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण वेगाच्या तारा शेजारच्या छोट्या भागात असतात आणि तो रिकामाच राहतो. केबलच्या कॉम्प्युटरकडच्या टोकात डोकावा : पुढे चार पट्ट्या आणि आत आणखी पाच दिसल्या तर ती वेगवान यूएसबी ३.० ची. नुसत्या चारच असतील तर बदला. टाइप-सी असेल तर चार्जरसोबतची केबल वापरू नका, तिच्यात बहुतेकदा २.० च्याच तारा असतात.

केबल ठीक असेल तर पोर्ट बदला. जुन्या कॅबिनेटचे पुढचे पोर्ट बरेचदा २.० चे असतात, मागे थेट मदरबोर्डला लावा. आणि पिन एका दमात आत ढकला. हळू सरकवली की पुढच्या चार पट्ट्या आधी टेकतात आणि डिस्क कधीकधी २.० वरच अडकते.

एवढ्यावर सेकंदाला १०० ते १३० एमबी मिळायला हवेत. फिरत्या तबकडीची छोटी डिस्क त्याहून फार पुढे जात नाही, मग बाहेर १० जीबीपीएस असो की २०. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार! २०० जीबीला ३५ ने दीड तासाहून जास्त लागतो, १२० ने अठ्ठावीस मिनिटं. साध्या एसएसडीवर (चिपवर साठवणारी, तबकडी नसलेली डिस्क) ४०० ने आठ-नऊ मिनिटं, पण कॅमेऱ्याचं कार्ड ९० नेच वाचलं जात असेल तर एसएसडी घेऊनही सदतीस मिनिटं लागणारच. डिस्कवरूनच एडिटिंग करत असाल तर एसएसडी घ्या. नुसतं साठवायचं असेल तर त्याच पैशात तबकडीवाल्या दोन, म्हणजे फुटेजची दुसरी प्रतही होते.

खोक्यावर ३.०, ३.१ जेन १ किंवा ३.२ जेन १ यांतलं काहीही असो, वेग तोच, ५ जीबीपीएस. नावं बदलून गोंधळ मात्र छान घातलाय.

प्रश्न : कॉपी चालू असताना डिस्क ‘टिक-टिक’ करते आणि गायब होते. उन्हाळ्यात जास्त.
– एक वाचक, परभणी

उत्तर : लांब केबल किंवा हबवर (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) वीज कमी पडते, आखूड केबलने थेट पोर्टला लावून बघा. अनेक पोर्टेबल डिस्कना ३५ अंशांपर्यंतच्याच हवेत चालवायला सांगितलेलं असतं, आणि परभणीचा मे महिना चाळिशी ओलांडतो. पंख्याखाली, उघड्या टेबलावर ठेवा. कूलरच्या दमट झोतात नको. दुसऱ्या कॉम्प्युटरवरही टिक-टिक आलीच तर पुन्हापुन्हा चालू करू नका, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.