यादी घेणारा ऑप्शन कसा ठेवावा

कमांड लाइनवर चालणारे नवीन टूल लिहिताय, तर एकाच ऑप्शनला (कमांडमध्ये '--' लावून दिलेल्या सूचनेला) अनेक किमती (व्हॅल्यू) द्यायला तोच ऑप्शन पुन्हा लिहू द्या: '--टॅग लाल --टॅग निळा'. वेबवर विनंत्या पाठवणाऱ्या 'कर्ल' या टूलला हेडर (विनंतीसोबतची माहिती) असेच दिले जातात. स्वल्पविरामाची यादी ठरावीक शब्दांपुरतीच ठेवा. फाइलच्या नावात स्वल्पविराम आला की ती तुटते, आणि स्वल्पविरामानंतर स्पेस पडली की शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) तिचे दोन तुकडे करतो.

पायथनच्या आर्गपार्स या ऑप्शन वाचणाऱ्या लायब्ररीत 'नार्ग्ज' ला (ऑप्शन किती किमती घेईल ते सांगणाऱ्या सेटिंगला) '+' म्हणजे 'एक किंवा अधिक' देणे मात्र टाळाच. '--टॅग लाल निळा नोंदी.टीएक्सटी' लिहिले की फाइलही टॅगमध्ये गिळली जाते. टॅग आणि फाइलच्या मध्ये सुटे '--' घालावे लागते, आणि ते वापरणाऱ्याला आठवत नाही. त्याऐवजी 'अपेंड' वापरा, म्हणजे पुन्हा लिहिलेल्या ऑप्शनची प्रत्येक किंमत यादीत जोडली जाते. पण डिफॉल्ट यादी (ऑप्शन न दिल्यास वापरायची) तिथे देऊ नका: नव्या किमती तिची जागा घेत नाहीत, तिच्या मागे जोडल्या जातात. डिफॉल्ट 'नन' (काहीच नाही) ठेवा, पार्सिंगनंतर (ऑप्शन वाचून झाल्यावर) ऑप्शन दिलेला नसेल तर यादी भरा.