खराब रस्त्यावर स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन कडक ठेवावं की मऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सेकंडहॅन्ड पोर्शे ७१८ केमन घेतली आहे, तिला पीएएसएम, म्हणजे बटणावर बदलणारं सस्पेन्शन आहे, रिम २० इंची आहेत. कोकणात जाताना बटण ‘स्पोर्ट’वर ठेवलं तर गाडी खालून घासणार नाही असं मित्र म्हणतात. ते खरं का?

नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर नॉर्मलवरच ठेवा. शॉक अॅब्झॉर्बर ट्यून करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा खोलात सांगतो.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. ती किती उंच उभी राहणार हेही स्प्रिंगच ठरवते. तुमचं बटण स्प्रिंगला हात लावत नाही, ते फक्त शॉकमधल्या तेलाची वाट अरुंद किंवा मोकळी करतं. म्हणजे उंची जराही वाढत नाही. उलट पीएएसएमवाली ७१८ साध्या सस्पेन्शनच्या ७१८ पेक्षा १० मिमी खालीच असते. पोर्शेच्याच काही ९११ गाड्यांना पुढचा भाग सुमारे ४० मिमी उचलणारी सोय मिळते, ती यंत्रणा वेगळी. दोन्हींची गल्लत फार होते.

आता खरी गंमत. शॉक स्प्रिंगला दबताना अडवतो आणि परत उलगडतानाही अडवतो. रंबलरच्या पट्ट्या किंवा ओळीने खड्डे आले की कडक मोडमध्ये चाक वर जातं, पण पुरतं खाली येण्याआधीच पुढचा दणका बसतो. प्रत्येक दणक्यागणिक स्प्रिंग थोडी थोडी दबलेलीच राहते आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते. घासू नये म्हणून कडक केलेली गाडी नेमकी इथेच घासते. शिवाय जे चाक खड्ड्यात उतरतच नाही, ते त्या क्षणी रस्ता धरत नाही. ओल्या घाटात वळणावर हे धोक्याचं आहे.

फेरारीने २००७ मध्ये ४३० स्कुदेरिया आणली, तिच्या विकासात फॉर्म्युला वन विजेता मायकेल शूमाकरचा सहभाग होता. ट्रॅकसाठी धारदार केलेल्या त्या गाडीतही इंजिन-गिअरचा आक्रमक मोड तसाच ठेवून फक्त शॉक मऊ करायचं बटण दिलं होतं, उंचसखल रस्त्यासाठी. तुमच्या गाडीतही शॉकचं बटण वेगळं आहे. स्पोर्ट क्रोनो, म्हणजे जादा ड्रायव्हिंग मोड देणारं पोर्शेचं पॅकेज, असेल तर ‘स्पोर्ट प्लस’ मोड लावल्यावर शॉक आपोआप कडक होतात, तेवढं शॉकचं बटण दाबून त्यांना परत नॉर्मलवर आणा.

मित्रांचं म्हणणं एका ठिकाणी मात्र बरोबर आहे. डांबर गुळगुळीत, पण रस्ता लांब लाटांसारखा वरखाली होणारा, आणि वेग बरा. अशा ठिकाणी मऊ गाडी झोल खाते, उतारानंतरच्या खोलगट भागात पूर्ण दबते. तिथे स्पोर्ट लावा. खड्डे सुरू झाले की पुन्हा नॉर्मल.

पण माझ्या मते तुमचा मोठा प्रश्न बटणाचा नाहीच, रिमचा आहे. २० इंचीवर पुढचा टायर २३५/३५ असतो, म्हणजे रुंदी २३५ मिमी आणि टायरची भिंत तिच्या ३५ टक्के, जेमतेम ८२ मिमी. साध्या ७१८ ला १८ इंचीवर २३५/४५ येतो, तिथे ती १०६ मिमी होते. खड्ड्याची धार आधी टायर झेलतो, शॉक नंतर. हे २४ मिमी रबर कुठल्याही मोडपेक्षा जास्त कामाचं. गाडी जास्त ताकदीची ‘एस’ असेल तर तिचे ब्रेक मोठे असतात, त्यामुळे कोणती रिम चालते ते आधी विचारून घ्या. आणि गाडी मऊ व्हावी म्हणून हवा कमी करू नका. दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला दाब टायर थंड असताना भरा. हवा कमी असली की खड्ड्याची धार थेट रिमला भिडते.

स्पीड ब्रेकरचं तंत्र हातात बसवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, तो ताशी २५ किमीच्या वेगाने पार करता येतो. गावागावांतले ब्रेकर मात्र अरुंद आणि टोकदार असतात, तिथे पोट टेकतं. ब्रेक आधीच मारा आणि पुढचं चाक चढायच्या आत सोडा, कारण ब्रेक दाबलेला असताना नाक खाली झुकलेलं असतं. मागेपुढे गाडी नसेल तर तिरकं चढा.

पावसाळा संपला की गाडी लिफ्टवर घेऊन चारही शॉकवर तेलाचा ओघळ दिसतो का ते बघा, सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश तपासा, अलाइनमेंट करून घ्या. एखादा शॉक गेलाच तर साधा शॉक बसवून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. डॅशबोर्डवर इशारा पेटेल आणि सगळी यंत्रणाच बिनकामाची होईल.