पल्ली पुरोहित म्हणजे काय, आणि मराठी मानपत्रात काय लिहायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचून खरंच खूप आनंद झाला, कारण हा शब्द मी लहानपणापासून इंदूरमध्ये बघत आलोय आणि पहिल्यांदा वाचला तेव्हा मलाही तेच वाटलं होतं जे तुमच्या सासूबाईंना वाटलं. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. ताईंची मुलगी इथल्या एका मिशनच्या शाळेत आहे, शाळेच्या आवारातच चर्च आहे, तिथल्या फादरांची बदली झालीय आणि वर्गातल्या मराठी पालकांनी ठरवलंय की निरोपाला मराठीत मानपत्र द्यायचं. आता शाळेच्या हिंदी पत्रिकेत फादरांच्या नावाखाली छापलंय 'पल्ली पुरोहित'. सासूबाई म्हणाल्या, पल्ली म्हणजे पाल, हे काय लिहून राहिलेत, छापणाऱ्याची चूक दिसते. तर ही चूक आहे का, पल्ली म्हणजे नक्की काय, आणि मानपत्रात मराठीत काय लिहायचं, असे तीन प्रश्न.

चूक अजिबात नाहीये. हिंदी बोलणाऱ्या कॅथलिक लोकांचा हा रोजचा शब्द आहे, आपल्या मध्य प्रदेशापासून झारखंडपर्यंत सगळीकडे चालतो. पल्ली म्हणजे पॅरिश, एका चर्चच्या हाताखालचा परिसर आणि तिथली कॅथलिक मंडळी, आणि पल्ली पुरोहित म्हणजे त्या पॅरिशची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे ते फादर, पॅरिश प्रीस्ट.

पण सासूबाईही चुकल्या नाहीत हं, त्यांना जरूर सांगा. संस्कृतात पल्ली या एकाच रूपात दोन शब्द आहेत, एकाचा अर्थ छोटं गाव, वस्ती, आणि दुसऱ्याचा अर्थ भिंतीवरची पाल, आपला मराठी 'पाल' त्या दुसऱ्यातूनच आलाय. हिंदीवाल्यांना ही अडचण येतच नाही कारण त्यांच्याकडे ती छिपकली, पल्ली म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर भिंत येत नाही. आपल्याकडे मात्र शंकेची पाल चुकचुकते ती इथे अगदी शब्दशः चुकचुकली.

आता तो वस्तीवाला पल्ली घ्या, तो आपल्या इतका अंगवळणी पडलाय की ओळखू येत नाही. कांदिवली, बोरिवली, डोंबिवली यांच्या शेवटी जे 'वली' आहे ते पल्लीचंच झिजलेलं रूप मानतात, दोन स्वरांच्या मध्ये प चा व होणं हे आपल्या भाषेत नेहमीचंच, दीपावलीची दिवाळी झाली तसं. अष्टविनायकातलं पाली बघा, बल्लाळेश्वराच्या कथेत त्या गावाचं नाव पल्ली असंच येतं, आणि पालीला दर्शनाला जाताना कुणाच्या मनात सरपटणारी पाल येते का? नाही येत. म्हणजे कान सरावला की शब्द आपली जागा बरोबर धरतो.

दक्षिणेत तर हा शब्द जिकडेतिकडे आहे. तिरुचिरापल्ली सगळ्यांना माहीत आहे, कन्नडमधलं गावाच्या नावाशेवटचं 'हळ्ळी' म्हणजे जुन्या पळ्ळीच्या प चा ह झालेला, आणि बरेच भाषाभ्यासक असं मानतात की संस्कृतानेच हा शब्द द्राविड भाषांकडून घेतला. इथे मला माझ्या शेजारच्या अम्मांची आठवण येते, मूळच्या केरळच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे इंदूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. रविवारी सकाळी निघताना आईला गॅलरीतून हाक मारून सांगायच्या, 'पळ्ळी जाके आती हूं.' आई मला म्हणायची बघ, चर्चला पल्ली म्हणतात हे लोक. तेव्हा मी शाळेत होतो, मला इतकंच कळलं की त्या ल नाही म्हणत, ळ म्हणतात. खूप वर्षांनी कळलं की सगळी गंमत त्या ळ मध्येच आहे. मल्याळममध्ये पळ्ळि म्हणजे चर्च, मशिदीलाही तोच शब्द, आणि पल्लि, साध्या ल चं, म्हणजे पाल. तमिळमध्येही पल्लि म्हणजे पाल आणि पळ्ळि म्हणजे शाळा. त्यांचे दोन शब्द ल आणि ळ मुळे स्वच्छ वेगळे राहिले, आणि नेहमीच्या हिंदीत ळ नाहीच, संस्कृतातून शब्द आला तो ल घेऊनच आला. आपल्याकडे मराठीत ळ आहे, त्यामुळे अम्मांचा उच्चार इंदूरच्या इतर शेजाऱ्यांपेक्षा आपल्या घरात जास्त नीट ऐकू यायचा असं मला अजूनही वाटतं.

आणि ताई, तुमच्या मुलीच्या शाळेशी याचा सरळ संबंध आहे. मल्याळम आणि तमिळ दोन्हीत शाळेला शब्द आहे पळ्ळिक्कूडम. केरळात चावरा कुरियाकोस एलियास नावाचे धर्मगुरू होऊन गेले, 1805 ते 1871, पुढे 2014 मध्ये त्यांना संत घोषित केलं. त्यांनी 1864 मध्ये आपल्या अखत्यारीतल्या सगळ्या चर्चना सांगितलं की प्रत्येक चर्चबरोबर एक शाळा काढा. पळ्ळी तिथे पळ्ळिक्कूडम. काही लोक हौसेने सांगतात की शाळेला हा शब्दच तिथून मिळाला, पण ते मला पटत नाही, तमिळमध्ये ख्रिस्ती नसलेल्यांच्या तोंडीही शाळेला हाच शब्द आहे, शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. शब्द जुना आणि त्यांनी त्याला काम नवं दिलं, असं म्हणा. आपल्या इंदूरच्या शाळांमधल्या कितीतरी सिस्टर आणि फादर केरळचे असतात, चर्च आणि शाळा एकाच फाटकाच्या आत असणं त्यांना जे इतकं सहज वाटतं त्यामागे हे सगळं आहे.

बंगालीत पॅरिशला धर्मपल्ली म्हणतात, बंगालीत पल्ली म्हणजे साधं खेडं, म्हणून पुढे धर्म लावलाय. हिंदीने नुसतं पल्ली ठेवलं.

आता खुद्द पॅरिश शब्द बघू, मला सगळ्यात आवडतो तो हा भाग, थोडा वेळ द्या. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिन पारोकियामधून, आणि त्याच्या मुळाशी ग्रीक पारोइकिया. पारा म्हणजे शेजारी, जवळ, आणि ओइकोस म्हणजे घर. पारोइकोस म्हणजे जो आपल्या गावात राहतो पण मूळचा तिथला नाही, बाहेरून येऊन शेजारी घर करून राहिलेला. बायबलच्या नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात अकराव्या ओवीत हाच शब्द आहे, आपण या जगात परक्या मुलखात राहणाऱ्यांसारखे आहोत अशा अर्थाने. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक स्वतःला असं म्हणवून घ्यायचे आणि त्यांच्या गावोगावच्या समूहाला मग पारोइकिया नाव पडलं. म्हणजे पॅरिश हा शब्द इमारतीचा नाहीच, तो परगावी एकमेकांना धरून राहिलेल्या माणसांचा आहे. या ओइकोसचं संस्कृत भावंडसुद्धा आहे, वेश, म्हणजे घर, त्यावरून शेजाऱ्याला संस्कृतात प्रतिवेशी. डायोसिस, म्हणजे अनेक पॅरिश मिळून जो बिशपचा प्रदेश होतो तो, त्याच्याही पोटात हाच ओइकोस आहे, ग्रीक दिओइकेसिस म्हणजे घरकारभार. आपलं इंदूर डायोसिस 1952 मध्ये झालं, त्याआधी 1935 पासून प्रीफेक्चर, म्हणजे डायोसिस होण्याआधीची पायरी, होतं, हिंदीत आणि मराठीत दोन्हीकडे त्याला धर्मप्रांत म्हणतात, तिथे काही घोळ नाही.

मला हे वाचलं तेव्हा इंदूरचंच चित्र दिसलं. त्या आवारात रविवारी कोण येतं? केरळचे, गोव्याचे, तमिळ, झारखंडहून आलेले, झाबुआकडचे आदिवासी, थोडे आपले मराठीही. आणि आपण तरी कोण? होळकरांबरोबर नाहीतर त्यांच्या मागून आलेली घरं, रामबागेत, लोकमान्य नगरात एकमेकांच्या शेजारी घरं करून राहिलेलो, आडनावं कोकणातली नाहीतर देशावरची आणि तोंडात 'येऊन राहिलो', 'जाऊन राहिलो'. अम्मा आणि आई एकमेकींशी हिंदीत बोलायच्या, दोघींचीही ती मातृभाषा नव्हती. पारोइकोस हा शब्द मला कुणी कोशातून शिकवला असता तर इतका समजला नसता.

बरं, आता मराठी शब्दाकडे. वसईकडच्या मराठी कॅथलिक समाजाने हे काम आधीच करून ठेवलंय, तिथे पॅरिशला लिहिताना धर्मग्राम म्हणतात, फादरांना धर्मगुरू, सिस्टरांना धर्मभगिनी, पॅरिश प्रीस्टना प्रमुख धर्मगुरू. धर्मग्राम मला फार नेमका शब्द वाटतो आणि का ते सांगतो. चर्चचा जो कायदा आहे, 1983 चा, त्यात कलम 515 मध्ये पॅरिश म्हणजे श्रद्धाळूंचा एक स्थिर समुदाय असं म्हटलंय, आणि कलम 518 मध्ये म्हटलंय की साधारणपणे तो ठराविक प्रदेशाचा असतो. म्हणजे माणसंही आली आणि भूभागही आला. आता ग्राम शब्द बघा, ग्राम म्हणजे गाव हे आपल्याला माहीतच आहे, पण संस्कृतात ग्राम म्हणजे समूहसुद्धा, गीतेत इंद्रियग्राम येतो, भूतग्राम येतो, तिथे गावाचा संबंध नाही, समुदाय असा अर्थ आहे. एका ग्राममध्ये दोन्ही कलमं बसली की नाही! पल्लीत फक्त वस्ती आहे, समुदाय तिथे आपल्याला मनाने भरावा लागतो.

मात्र बोलताना पॅरिशच म्हणा. वसईचे लोकही बोलताना पॅरिश म्हणतातच, आणि धर्मग्राम हा छापील, समारंभाचा शब्द आहे, मानपत्राला शोभेल, गेटवर रिक्षावाल्याला सांगायला नाही.

पुरोहित मराठीत नको, हे माझं ठाम मत. हिंदीत तो कॅथलिक फादरांना रुळलाय, पण मराठीत पुरोहित म्हटलं की सत्यनारायण सांगणारे गुरुजी समोर येतात, आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. पाद्री हा शब्द आपल्याकडे जुना आहे, पोर्तुगीज पाद्रेवरून आला, अर्थ बापच, म्हणजे फादर आणि पाद्री एकाच अर्थाचे दोन शब्द, पण आज समोरच्या माणसाला पाद्री म्हणणं कानाला कोरडं लागतं, फादरमध्ये जो आपलेपणा आहे तो त्यात राहिलेला नाही. त्याच पोर्तुगीजांकडून आपण नाताळ घेतला आणि हिंदीने गिरजाघर, इग्रेजा म्हणजे चर्च, त्याचं गिरजा झालं, त्याचा पार्वतीच्या गिरिजेशी संबंध नाही हे या निमित्ताने सांगून टाकतो कारण मागे एकदा कुणीतरी मला तेच विचारलं होतं.

अजून एक, ताई, मानपत्र लिहिण्याआधी एवढं शाळेत विचारून घ्या: निघालेले फादर पॅरिशचे प्रमुख आहेत की शाळेचे प्रिन्सिपल, की दोन्ही. बाहेरच्यांना एकाच आवारात सगळे फादर सारखेच दिसतात, पण बरेचदा चर्च सांभाळणारे वेगळे आणि शाळा चालवणारे वेगळे असतात, कधी प्रिन्सिपल सिस्टर असतात आणि फादर मॅनेजर. तुमच्या पत्रिकेत नुसतं पल्ली पुरोहित आहे म्हणजे ते चर्चचे प्रमुख हे नक्की, शाळेचं पदही असेल तर ते वेगळ्या ओळीत लिहायला हवं, नाहीतर त्यांचं अर्धं काम मानपत्रातून गळून जाईल. आणि शाळेला 'कॉन्व्हेंट' लिहू नका, आपण सर्रास म्हणतो मुलगी कॉन्व्हेंटमध्ये आहे, पण कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर राहतात ते घर, मुलं जातात ती शाळा. फादरांच्या हातात जाणाऱ्या कागदावर ते बरोबर असलेलं बरं.

मी असं लिहीन: पहिल्या ओळीत 'आदरणीय फादर' आणि त्यांचं नाव, त्याखाली 'प्रमुख धर्मगुरू', त्याखाली चर्चचं नाव जसं पाटीवर आहे तसंच आणि पुढे 'धर्मग्राम, इंदूर'. इंदौर नाही, इंदूर, मराठीत आपण तसंच लिहितो. मजकुरात पुढे सगळीकडे नुसतं 'फादर' आणि 'तुम्ही', दर ओळीला धर्मगुरू धर्मगुरू केलं तर मुलं वाचताना अडखळतील, आणि मुलांनी त्यांना आयुष्यात फादर सोडून दुसरं काही म्हटलेलं नसणार. फादर केरळचे असतील तर खालच्या कोपऱ्यात मुलांच्या सह्यांच्या वर एक शब्द देवनागरीत 'पळ्ळिक्कूडम' लिहून बघा, ळ नीट काढायचा, तेवढा एक शब्द त्यांना लगेच वाचता येईल.