आईची वेदनाशामक गोळी आणि बाळाचे पहिले पाच दिवस

प्रश्न : माझी सून सातव्या महिन्यात आहे. मणक्याच्या दुखण्यासाठी मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेली ट्रामाडॉल ५० मिलिग्रॅमची गोळी ती चार महिने दिवसातून दोनदा घेते आहे. बाळंतपणाला ती माहेरी, गुहागरजवळ जाणार. मेडिकलवाला म्हणतो, ही अफूच्या जातीची गोळी, बाळाला सवय लागते. आजच बंद करावी का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : एकदम बंद करू नका. रोजची गोळी अचानक थांबली की आईला घाम, जुलाब, तगमग सुरू होते, गर्भाशय आकुंचन पावू लागतं आणि दिवस भरण्याआधी कळा येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने उतरवायची. मधल्या काळात कंबर दुखली म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर देऊ नका. या महिन्यांत त्यांनी गर्भजल कमी होतं आणि बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते.

मेडिकलवाल्याचं म्हणणं खरं आहे, पण ही शरीराची सवय आहे. बाळाला व्यसनी म्हणू नये. ट्रामाडॉल, मॉर्फिन, कोडीन यांचे रेणू लहान आणि चरबीत विरघळणारे असल्यामुळे वारेतून सहज पलीकडे जातात. वार त्यातला थोडा भाग आईकडे परत ढकलते, बाकीचा नाळेतून बाळाकडे जातो. बाळाचं रक्त आईच्या रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असतं. तिथे या औषधांवर विद्युतभार चढतो आणि त्यांना परत फिरणं अवघड होतं. त्यात बाळाचं यकृत कच्चं, त्यामुळे निचरा हळू.

जन्मानंतर नाळ कापली की पुरवठा थांबतो. इतके दिवस दबून असलेली मेंदूतली नॉरॲड्रेनॅलिनची (शरीराला सावध, उत्तेजित ठेवणाऱ्या रसायनाची) यंत्रणा उसळते. मग कर्कश रडणं, हातपाय थरथरणं, शिंका आणि जांभया, घाम, पातळ शी, आणि भूक असूनही नीट ओढता न येणं. ट्रामाडॉलमध्ये हे बहुधा २४ ते ४८ तासांत दिसतं, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या त्याच जातीच्या, जास्त वेळ टिकणाऱ्या औषधांमध्ये तिसऱ्या दिवसापर्यंतही लांबतं.

आपल्याकडे घोटाळा नेमका इथे होतो. नैसर्गिक प्रसूती, दुसऱ्या दिवशी घरी सुट्टी, आणि वाडीत पोचल्यावर बाळ रडायला लागतं. घरचे ‘पोटात मुरडा आला’ म्हणून गुटी उगाळतात. गुटीने यातलं काही थांबत नाही, वेळ मात्र जातो. गोळी प्रसूतीपर्यंत चालू राहिली तर बाळाला चार-पाच दिवस रुग्णालयातच ठेवा. प्रसूती बालरोगतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी ठरवा.

माहेरी जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि मुंबईची चिठ्ठी सोबत द्या. काही गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम असतं, पण घरचे तिला ‘पॅरासिटामॉलच’ समजतात. प्रसूतीच्या खोलीत हे ठाऊक असायलाच हवं : रोज असं औषध घेणाऱ्या आईच्या बाळाचा श्वास मंद असेल, तर पिशवी-मास्कने श्वास देतात. अशा औषधांचा असर एकदम उतरवणारं नॅलॉक्सोन टोचलं तर बाळाला झटके येऊ शकतात.

उपचारांत आधी औषध येत नाही. मंद उजेड, शांत खोली, घट्ट गुंडाळणं, छातीशी धरणं, थोड्या थोड्या वेळाने पाजणं. बाळ पुरेसं पितं का, तासभर सलग झोपतं का, दहा मिनिटांत शांत होतं का, यावर परिचारिका लक्ष ठेवतात. यातलं जमेना, तर तोंडाने मॉर्फिनचे मोजके थेंब देऊन ते हळूहळू उतरवतात. घरी आल्यावर झटका आला, किंवा बाळ निळसर पडलं, तर थेट १०८.

आईचं दूध चांगलंच, पण ट्रामाडॉल चालू असताना पाजणं सहसा टाळायला सांगतात. काही बायकांच्या यकृतात त्याचं वेगाने अधिक तीव्र द्रव्यात रूपांतर होतं. प्रसूतीनंतर कोणती गोळी घ्यायची, हे आठव्या महिन्यातच विचारून ठेवा.

प्रश्न : कळा सोसवत नव्हत्या म्हणून बहिणीला पेथिडिनचं (अफूच्याच जातीच्या वेदनाशामकाचं) एक इंजेक्शन दिलं. तिच्या बाळालाही हाच त्रास होईल का? – वाचक, मालवण

उत्तर : नाही. एका इंजेक्शनने सवय लागत नाही. त्यात प्रश्न वेळेचा असतो. इंजेक्शननंतर दोन-तीन तासांत बाळ जन्मलं, तर ते सुस्त असू शकतं, श्वास मंद असू शकतो. पेथिडिनचा निचरा बाळात मोठ्या माणसापेक्षा कितीतरी हळू होतो, म्हणून एक-दोन दिवस ते ओढायलाही आळशी राहतं. उठवून पाजायचं.