बिल फ्रिझेलचं क्वार्टेट पुढच्या महिन्यात आमच्या शहरात येतंय. जॅझ फारसं कळत नाही, आणि मित्र म्हणतात हा खरा जॅझवाला नाहीच. जावं का? आधी काय ऐकावं?

जा. तिकीट आजच काढा. फ्रिझेल अमेरिकन गिटारवादक, आणि क्वार्टेट म्हणजे चौघांचा संच.

आता थोडं लांबण लावतो, कारण तुमच्या मित्रांचं वाक्य वाचून डोकं फिरलं. तेच वाक्य मी सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय.

फ्रिझेल तेव्हा सिएटलला राहायचा, मीही. दादा पुण्याहून आला होता. दादा म्हणजे कॉलेजपासून गिटार हातात, आणि जुन्या पिढीतला जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी सोडून कोणालाही गिटारवादक न मानणारा. मी हौसेनं त्याला मैफलीला नेलं. पहिली दहा मिनिटं फ्रिझेल पेडलांशीच, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाजवळच्या यंत्रांशीच, खेळत होता. एक सूर लावायचा, तो यंत्रात पकडून फिरत ठेवायचा, त्यावर दुसरा. त्या धुक्यातून हळूच एक साधी, खेड्यातली वाटावी अशी चाल वर आली. माझ्या अंगावर काटा. दादा कानाशी येऊन म्हणतो, "अरे, जॅझ कधी सुरू होणार?"

मध्यंतरात त्यानं निकालच दिला. "ही भेळ आहे. ना धड जॅझ, ना धड कंट्री." (कंट्री म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत.) मग पाय मोकळे करून येतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. बाहेर पावसात सिगरेट ओढत उभा होता.

घरी जाताना गाडीत जुंपली. मी म्हटलं, "दादा, तुझ्या खोलीत कुमार गंधर्वांचा फोटो आहे ना? त्यांनी माळव्यातली लोकगीतं घेतली, बालगंधर्वांची पदं आपल्या पद्धतीनं गायली, घराण्याचं कुंपण मानलं नाही. त्यांनाही लोक हेच म्हणायचे की." दादा म्हणाला, "कुमारजींचं नाव मध्ये आणू नकोस." मग घरापर्यंत फक्त वायपरचा आवाज.

बरं, घराणंच बघायचं तर फ्रिझेल जिम हॉल या नामवंत जॅझ गिटारवादकाकडे शिकलेला आहे. ड्रमर पॉल मोशन आणि सॅक्सोफोनवादक जो लोव्हानो यांच्याबरोबरचं त्रिकूट ऐंशीच्या दशकात जमलं, ते 2011 मध्ये मोशन वारेपर्यंत टिकलं. त्यात बास, म्हणजे खालचे सूर धरणारं वाद्य, नाही, तरी ताल कुठे हरवत नाही. इतकं 'खरं' जॅझ दादानं नुसतं ऐकलं तरी पुष्कळ. मधल्या काळात हाच माणूस जॉन झॉर्नच्या 'नेकेड सिटी' या बँडमध्ये कानठळ्या बसवत होता. 1992 मध्ये रेकॉर्ड केलेल्या एका अल्बमात त्यानं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकार एरन कोपलंड, ब्लूजवाला मडी वॉटर्स आणि पॉपवाली मॅडोना शेजारीशेजारी बसवले. 1997 मध्ये आलेल्या अल्बमसाठी थेट कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशव्हिलला जाऊन ब्लूग्रासवाल्यांबरोबर (कंट्रीचाच एक लोकसंगीती प्रकार) वाजवलं. आणि 2005 मध्ये ग्रॅमी मिळालं ते समकालीन जॅझच्याच विभागात! ती बातमी मी दादाला ईमेलनं पाठवली होती. उत्तर नाही.

हो, तुमचा प्रश्न. 1996 चा 'क्वार्टेट' ऐका: गिटार, व्हायोलिन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन. मग 2022 चा 'फोर': गिटार, पियानो, ड्रम्स आणि सॅक्सोफोन किंवा क्लॅरिनेट. दोन्हींत बास नाही. त्यामुळे खालची जमीन कधी ट्रॉम्बोन धरतो, कधी पियानोचा डावा हात, कधी स्वतः फ्रिझेल. ती कोणाकडून कोणाकडे जाते एवढं जरी पकडलंत तरी मैफल कळेल. तुमच्याकडे कोण कोण येतंय ते लिहिलं नाहीत, तो माणसं बदलत असतो. बासवाला असेल तर हा खेळ थोडा कमी दिसेल. पेडलं दिसतील अशी जागा घ्या. सोलो कधी संपला, टाळी कुठे द्यायची, याची काळजी करू नका; शेजारचे देतील तेव्हा द्या.

आणि हेही सांगून ठेवतो, त्याचं सगळंच जमतं असं नाही. काही रेकॉर्ड इतक्या गोड आहेत की गाडी चालवताना लावू नयेत. सपाट, वेगवान तानांची वाट बघत बसलात तर तुम्हीही पाय मोकळे करायला बाहेर जाल.

ऐकून आलात की इथे लिहा. आवडलं तर सविस्तर लिहा, दादाला लिंक पाठवायची आहे. नाही आवडलं तर मला खाजगीत कळवलंत तरी चालेल.